दारातले कुत्रे, चुलीपाशी मांजर

आपल्याकडे कुत्रे बहुधा कुणी विकत आणत नाही. शेजारच्या कुत्रीला पिल्ले होतात. त्यातले एक पोरे उचलून आणतात. आई म्हणते, "नको रे बाबा, आधीच घरात खाणारी तोंडं काय थोडी आहेत?" दोन दिवस ते पिल्लू ओट्यावर कुईकुई करते. तिसऱ्या दिवशी आईच त्याला वाटीत दूध घालते. मग त्याचे नाव मोत्या पडते, नाही तर वाघ्या. मांजराची गोष्ट वेगळी. ते कुणी आणावे लागत नाही. त्याला घर आवडले की ते आपण होऊन येते आणि चुलीपाशी बसते.

ही दोघे फुकट खात नाहीत. रात्री गोठ्याकडे पाऊल वाजले की कुत्रे भुंकते. कणगीतले दाणे मांजर उंदरापासून राखते. पण आपण त्यांची काळजी किती घेतो? म्हैस चारा खाईनाशी झाली तर आपण लगेच गुरांच्या डॉक्टरकडे धावतो. कुत्रे खाईनासे झाले तर म्हणतो, "खाईल उद्या." आता विचार करा. म्हैस गोठ्यात असते. कुत्रे ओट्यावर पोरांत लोळते. मांजर तर पांघरुणात शिरते. त्यांच्या दुखण्याला घरात यायला उंबरठा ओलांडावा लागत नाही.

सगळ्यांत वाईट दुखणे पिसाळण्याचे. म्हणून तेच आधी सांगतो, आणि जरा सविस्तर सांगतो.

पिसाळणे म्हणजे उन्हाने डोके फिरणे नव्हे. पुष्कळांना तसे वाटते. हा एक रोग आहे. डॉक्टर त्याला रेबीज म्हणतात. त्याचा विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा जंतू असतो. तो आजारी जनावराच्या लाळेत असतो. असे जनावर चावले, की लाळेबरोबर तो जखमेत शिरतो. मग नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या वाटचालीला बहुतेक एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाच लागतो, कधी वर्षही जाते. चावा पायाला असेल तर वाट लांबची. तोंडाला, मानेला, हाताच्या बोटांना असेल तर धोका फार मोठा. तोवर माणूस चांगला हिंडतो-फिरतो. जखमही भरून येते. पण एकदा विषाणू मेंदूत पोचला आणि माणसाला पाणी गिळवेनासे झाले, की जवळजवळ कुणीच वाचत नाही. मोठ्या शहरातला मोठा डॉक्टरही मग हात टेकतो. जे काही करायचे ते त्याच्या आधी करायचे. आणि आधी केले तर माणूस वाचतो, हेही तितकेच खरे आहे.

जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने मरतात, असा अंदाज आहे. त्यातली फार मोठी संख्या आपल्या भारतातली आहे. माणसाला हा रोग होतो तो शंभरात नव्व्याण्णव वेळा कुत्र्यामुळे. आणि मरणाऱ्यांत मुले पुष्कळ. मुले कुत्र्याशी खेळतात. त्यांची उंची कमी, म्हणून चावाही तोंडाजवळ बसतो. शिवाय आणखी एक कारण आहे. मुले घरी सांगत नाहीत. "कुत्र्याच्या वाटेला का गेलास?" म्हणून मार बसेल, ही भीती त्यांना असते.

म्हणून आमचे आईबापांना पहिले सांगणे हे, की पोराला कुत्रे चावले तर त्याला रागावू नका. रागावायचे असेल तर सुया टोचून झाल्यावर रागवा! पोराने येऊन सांगितले, यातच त्याचा जीव वाचण्याची निम्मी तजवीज झाली.

पिसाळलेले कुत्रे ओळखायचे कसे? एक प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. ते सैरावैरा पळते, दिसेल त्याला चावते. काठीला, दगडाला, साखळीलाही चावते. त्याचा आवाज बदलतो, लाळ गळते. पण दुसरा प्रकार गरीब दिसतो, आणि तोच फसवतो. कुत्रे मुकाट अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते. खालचा जबडा लोंबतो. त्याला गिळता येत नाही. घरच्यांना वाटते, घशात हाड अडकले. मग घरधनी त्याच्या तोंडात हात घालून हाड शोधू लागतो. असे कधी करू नका. गाय किंवा म्हैस अशी लाळ गाळू लागली, हंबरू लागली, तरी तिच्या घशात हात घालू नका. तिलाही कुत्रे चावलेले असू शकते.

कुणी म्हणेल, "आमचं कुत्रं तर पाणी पितंय. मग ते पिसाळलेलं कसं?" पाण्याची भीती माणसाला होते. पिसाळलेले कुत्रे पाणी पिऊ शकते. तेव्हा त्याच्यापुढे पाण्याची परात ठेवून परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

आता चावल्यावर काय करायचे ते ऐका. हे पान घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आधी जखम धुवायची. धावत्या पाण्याखाली, साबण लावून, चांगली पंधरा मिनिटे धुवायची. नळ नसेल तर तांब्याने पाणी ओतत राहा. कपडे धुण्याचा साबणही चालतो. साबणाने हा विषाणू मरतो. म्हणून दवाखाना कितीही जवळ असला तरी आधी धुणे, मग जाणे. जखमेवर तिखट, चुना, हळद, तंबाखू, रॉकेल काही काही लावू नका. त्याने आग होते, आणि विषाणू आणखी आत जातो. घट्ट पट्टीही बांधू नका. आणि मांत्रिकाकडे जाऊ नका. मांत्रिकाकडे नेलेला माणूस बरा झाला असे सांगणारे भेटतात. चावलेले कुत्रे पिसाळलेले नसले तर मंत्राशिवायही तो बराच राहिला असता. पिसाळलेले असले तर मंत्र म्हणण्यात जे दिवस जातात ते परत मिळत नाहीत.

मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात जायचे. तिथे ही लस फुकट मिळते. लस दंडात टोचतात. लहान मुलाला मांडीत टोचतात. पहिल्या दिवशी एक, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. काही ठिकाणी कातडीतच थोडी थोडी टोचतात. तिथे चौदाव्या दिवशी जावे लागत नाही. डॉक्टर चिठ्ठीवर तारखा लिहून देतात. दोन सुया झाल्या, जखम भरली, शेतात काढणी चालू आहे, म्हणून पुढच्या सुया चुकवणारे लोक आहेत. तसे करू नका. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर आणखी एक औषध जखमेतच टोचतात. त्याला दवाखान्यात सिरम म्हणतात. लस अंगात ताकद तयार करते, पण तिला काही दिवस लागतात. तोवर हे सिरम राखण करते. तुमच्या आरोग्य केंद्रात सिरम नसेल तर ते कुठे मिळेल हे विचारा आणि तिथे जा.

पोटातल्या चौदा सुयांची भीती अजून पुष्कळांच्या मनात आहे. आजोबांनी त्या घेतलेल्या असतात, आणि त्यांची गोष्ट घरात सांगितली जाते. ती गोष्ट खरी आहे. या रोगावरची पहिली लस फ्रान्स देशात लुई पाश्चर यांनी शोधली. ६ जुलै १८८५ रोजी त्यांनी ती नऊ वर्षांच्या एका मुलाला टोचायला सुरुवात केली. त्याला पिसाळलेल्या कुत्र्याने जागोजागी फाडले होते. तो मुलगा वाचला. पुढे १९११ साली आपल्याकडे हिमाचलातल्या कसौली इथे डेव्हिड सेंपल या डॉक्टरने मेंढीच्या मेंदूपासून लस करण्याची रीत बसवली. तीच लस पोटात टोचायची. ती दुखायची, आणि क्वचित तिचा अपायही व्हायचा. २००४ साली भारतात ती लस बनवणे बंद झाले. आता नवी लस आली आहे. ती दंडात टोचतात आणि फारशी दुखत नाही. तेव्हा आजोबांच्या गोष्टीला भिऊन घरी बसू नका.

चावणारे कुत्रे किंवा मांजर घरचे असेल, तर त्याला मारून टाकू नका. बांधून ठेवा, आणि दहा दिवस नजर ठेवा. पिसाळलेले असेल तर ते या दहा दिवसांत बहुधा मरते. दहा दिवसांनंतरही धडधाकट राहिले तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजायचे. पण दहा दिवस वाट पाहून मग सुई घेऊ, असे मात्र करायचे नाही. सुई आजच घ्यायची. कुत्रे चांगले राहिले तर पुढच्या सुयांचे काय ते डॉक्टर सांगतील.

आणि पिल्लू चावले म्हणून हसण्यावारी नेऊ नका. "एवढंसं पिल्लू, त्याचे दात ते काय!" असे आम्ही फार वेळा ऐकतो. त्याच्या आईला हा रोग असेल, रस्त्यावरच्या कुत्र्याने त्याला चावले असेल, तर त्या एवढ्याशा दातांनीही रोग येतो. मांजराच्या चाव्याला आणि ओरखड्यालाही हाच नियम. मांजर आपली नखे चाटत असते.

हा सगळा धोका टाळण्याचा एक साधा उपाय आहे. कुत्र्यालाच लस टोचायची. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की पहिली सुई. डॉक्टर म्हणतील त्याप्रमाणे महिन्याने दुसरी. मग दरवर्षी एक. मांजरालाही तसेच. एका गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना अशी लस मिळत राहिली तर रोगाची साखळी तुटते. मग एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जायला त्याला वाटच उरत नाही. शेजारच्या गोव्यात हे करून दाखवले आहे. तिथे जाळी घेऊन माणसे गल्लोगल्ली हिंडली. घरची, दारची, समुद्राकाठची कुत्री धरून त्यांना लस टोचली. हे काम वर्षानुवर्षे चालले. २०२१ साली गोव्याच्या सरकारने रेबीज आटोक्यात आल्याचे जाहीर केले.

लस दुकानातून आणून घरी टोचू नका. ती सतत थंड ठेवावी लागते. खिशात घालून उन्हातून आणली की ती वाया जाते. सुई टोचली जाते, पण आत नुसते पाणी जाते म्हणा ना! जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जा. फिरत्या दवाखान्याची चौकशी १९६२ या क्रमांकावर फोन करून करता येते. लस टोचल्याचे कार्ड मिळते. ते दिनदर्शिकेच्या खिळ्यालाच अडकवून ठेवा.

आता खाण्यापिण्याचे. कुत्रे भाकरी खाते, भात खाते, अंडे आणि मटण मिळाले तर उत्तमच. त्याला उकडलेले अंडे अधूनमधून द्यावे. पण आपल्या ताटातला रस्सा त्यावर ओतू नये. तिखटाने पोट बिघडते ते वेगळेच. त्यात कांदा-लसूण असतो, आणि कांद्याने कुत्र्यामांजराचे रक्त नासते. कोंबडीची शिजलेली हाडे देऊ नका. त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि आतड्यात रुततात. द्राक्षे आणि बेदाणे यांनीही कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होतात. नाशिक-सांगलीकडे बागा आहेत, तिथल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे. चॉकलेट हे तर कुत्र्याला विषच.

मांजराचे खाणे कुत्र्यापेक्षा निराळे. "दूध-भाकरीवर आमची मनी वाढली," असे आपण म्हणतो. खरे पाहता ती उंदरांवर आणि पालींवर वाढलेली असते. मांजराला मांस, मासळी लागतेच. त्यातला एक घटक तिचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही. तो मिळाला नाही तर हळूहळू डोळे जातात, काळीज दुबळे होते. कोंडलेल्या मांजराला नुसते दूध-भाकरी घालणे बरे नव्हे. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, हगवण लागते.

पाणी दोघांनाही दिवसभर हवे. मातीचे पसरट भांडे सावलीत ठेवा आणि रोज विसळा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकते आणि अंग थंड करते. भर दुपारी पत्र्याखाली बांधलेले कुत्रे उष्म्याने मरू शकते. गळ्यातल्या पट्ट्याकडेही बघत जा. पिल्लू वाढते, पट्टा वाढत नाही. तो मानेत रुतून जखम होते, किडे पडतात. पट्ट्याखाली आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत.

गोचीड ओढून नखांनी चिरडू नका. तिच्या रक्तातून रोग पसरतो. चिमट्याने धरून सरळ उपटा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. रॉकेल किंवा पिकावर मारायचे औषध अंगाला चोळणारे लोक आहेत. कुत्रे ते चाटते आणि मरते. डॉक्टरकडून गोचिडीचे औषध घ्यावे. गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालते, म्हणून बसायची जागा लिंपून, झाडून घ्यावी. एक मात्र पक्के लक्षात ठेवा. कुत्र्याचे गोचिडीचे औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काही औषधांनी मांजर आचके देऊन मरते. तसेच तापावरची पॅरासिटामॉलची गोळी. ती आपल्या घरात नेहमी असते. मांजर मलूल दिसले म्हणून कुणी अर्धी गोळी चारतो. एका गोळीने मांजर जाते.

जंतांचे औषध पिल्लाला पंधराव्या दिवसापासून दर पंधरवड्याला द्यावे. तीन महिन्यांचे झाल्यावर दर तीन महिन्यांनी पुरे. औषध किती द्यायचे ते वजनावर असते, म्हणून विचारून द्यावे. कुत्र्याचे जंत मुलांनाही होतात. अनवाणी पायांतून काही जंत शिरतात, काही मातीच्या हातांनी तोंडात जातात.

धनगर बंधूंना आणि खाटीककाम करणाऱ्यांना इथे एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. बकरे किंवा मेंढी कापल्यावर काळीज, फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात. त्या आपण कापून कुत्र्यापुढे टाकतो. त्या गाठींत एका बारीक जंताची पिल्ले असतात. कच्च्या मांसातून ती कुत्र्याच्या पोटात वाढतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या शेणात येतात, केसांना चिकटतात. कुत्र्याला कुरवाळून हात न धुता भाकरी खाल्ली, की ती आपल्या पोटात. मग माणसाच्या काळजात तशीच पाण्याची गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते, आणि शेवटी पोट फाडून काढावी लागते. अशा गाठी खोल पुरा, नाही तर जाळा.

घरात सून गरोदर आहे म्हणून मांजर सोडून देणारी घरे आम्हांला माहीत आहेत. मांजराच्या विष्ठेतून गर्भाला अपाय करणारा एक रोग येऊ शकतो, हे खरे. पण त्यासाठी मांजर हाकलायला नको. तिची घाण सुनेने काढू नये, दुसऱ्याने रोजच्या रोज काढावी. भाजी धुवावी. मटण नीट शिजवावे, कारण तो रोग कच्च्या मटणातूनही येतो.

पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली तर तास मोजायला लागा. हा पार्व्हो नावाचा रोग असतो. त्यात पिल्लाच्या अंगातले पाणी जाते आणि दोन-तीन दिवसांत ते दगावते. त्याला सलाईन लावावे लागते. यावरही लस आहे. ती दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला सुरू करतात. एरवी घरच्या घरी एक खूण बघत जावी. ओठ वर करून हिरडी पाहा. ती गुलाबी असली तर ठीक. पांढरट दिसली तर गोचीड किंवा जंत रक्त पीत आहेत असे समजा, आणि दवाखाना गाठा. उंदराचे औषध खाल्लेले असेल तर दूध, मिठाचे पाणी पाजत बसू नका. औषधाची पुडी बरोबर घेऊन निघा.

राहिला प्रश्न पिल्लांचा. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते, आणि वर्षातून दोनदाही विते. मांजर तर पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. एवढी पिल्ले कोण सांभाळणार? मग पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येतात. अशी सोडलेली पिल्ले उपाशी मरतात, नाही तर उकिरड्यावर वाढतात. त्यांना लस कुणी देत नाही. उद्या तुमच्याच पोराला चावणारे कुत्रे ते हेच. जनावर असे उपाशी टाकून देणे हा १९६० सालच्या कायद्याने गुन्हाही आहे. त्यापेक्षा शस्त्रक्रिया करून घ्यावी. सहा महिन्यांच्या सुमारास ती करतात. नराचीही करतात. भूल देतात, म्हणून आदल्या रात्रीपासून खायला घालायचे नाही. त्याच खेपेला लसही टोचून घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे. घरी आणल्यावर तिला कोरड्या जागी गोणपाटावर निजवा. जखम चाटू देऊ नका. टाके दहा-बारा दिवसांनी काढतात. तोवर तिला उकिरड्याकडे फिरकू देऊ नये.